घरी बनवलेला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प बिघडला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंत घरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प जोडणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतले आकडे एका साध्या सर्किटवर धरले आहेत: एक १२एएक्स७ (गिटारचा सिग्नल वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह), एक ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारा पॉवर व्हॉल्व्ह), कॅथोड बायस (व्हॉल्व्हचा करंट कॅथोडच्या रेझिस्टरने ठरतो), २०० व्होल्ट सेकंडरीचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोडचा ब्रिज, साधारण ५ किलोओहमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ८ ओहमचा स्पीकर. असा अ‍ॅम्प ४ ते ५ वॅट देतो. तुमचा अ‍ॅम्प मोठा असेल तर आकडे बदलतील, शोधायची रीत तीच राहील. पहिले दोन प्रश्न वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

१. अ‍ॅम्प बंद केला, प्लगही काढला. आता आत हात घातला तर चालतं ना?

नाही. २०० व्होल्ट एसीचं ब्रिजनंतर सुमारे २८० व्होल्ट डीसी होतं, आणि फिल्टर कंडेन्सर ते धरून बसतात. लाईट गेलेली असली तरी ते व्होल्टेज तिथेच असतं. म्हणून पहिल्या फिल्टर कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर रेझिस्टर कायमचा लावा. ४७ + २२ + २२ मायक्रोफॅरड असतील तर तो साधारण १०० सेकंदांत ते रिकामे करतो. दोन मिनिटं थांबा, मग मीटर लावून बघा. ब्लीडर नसेल तर १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा जोडून कंडेन्सरवर दहा सेकंद धरा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करू नका: ठिणगीने कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यालाही धोका.

रिकामा केलेला कंडेन्सर थोडं व्होल्टेज पुन्हा वर आणतो, त्यामुळे हात घालण्याआधी परत मोजा. चालू अ‍ॅम्पवर मोजताना काळी प्रोब चॅसीला क्लिपने अडकवा आणि एकाच हाताने काम करा. अंगठी, कडं, ओला हात, अनवाणी पाय यातलं काही नको. मीटर किमान ६०० व्होल्ट डीसीचा हवा आणि त्याच्या वायरी तडकलेल्या नकोत.

२. घरात तीन पिनचं सॉकेट आहे, म्हणजे अर्थिंग आहे असंच ना?

सॉकेटला तीन भोकं असणं आणि मागे अर्थिंगची वायर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत वरचं भोक बऱ्याचदा रिकामंच असतं. मीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ ८०-१२० असं मधलंच काहीतरी दिसलं तर वायर तरंगती आहे. मात्र मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे ही मापं बरोबर आली म्हणजे अर्थिंग भक्कम आहे असं सिद्ध होत नाही. पक्की चाचणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीचं एक वैशिष्ट्य आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संपर्क सुटतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा. गिटारच्या तारा चॅसीला जोडलेल्या असतात आणि त्या तुमच्या बोटांखाली असतात, म्हणून हे इतकं सांगावं लागतं.

३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवाच. पण तो फक्त प्रायमरीच्या बाजूचा दोष पकडतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा २८० व्होल्टचा झटका त्याला दिसत नाही, तिथे तो तुम्हाला वाचवणार नाही.

३. नवा अ‍ॅम्प पहिल्यांदा चालू करताना क्रम काय ठेवू?

वायरमनकडचा सिरीज बोर्ड, म्हणजे लाईट बल्बमधून मग अ‍ॅम्पला देणारा बोर्ड, इथे सगळ्यात कामाचा. ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब हवा. एलईडी चालत नाही. स्पीकर जोडा, सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि अ‍ॅम्प सिरीज बोर्डावर लावा. बल्ब क्षणभर पेटून विझला किंवा अगदी मंद झाला तर ठीक. भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, प्रश्न ५ पाहा. मग हीटरचं एसी आणि पहिल्या कंडेन्सरवरचं डीसी मोजा. व्हॉल्व्ह नसताना डीसी २७५ ते २८५ दिसेल. पुन्हा रिकामं करून व्हॉल्व्ह बसवा. आता बल्ब तांबूस राहील आणि सगळी व्होल्टेज कमी दिसतील, ते साहजिक आहे. धूर, वास, लाल प्लेट काहीच नसेल तर थेट लाईटवर लावा आणि प्रश्न ४ मधली मापं घ्या.

४. कुठल्या पिनवर किती व्होल्टेज यायला हवं?

लाईट २३० असताना, काळी प्रोब चॅसीला, गिटार न जोडता:

पहिला फिल्टर कंडेन्सर: २५५ ते २६५
ईएल८४, पिन ७ (प्लेट): २४५ ते २५५
ईएल८४, पिन ९ (स्क्रीन): २४५ ते २५५
ईएल८४, पिन ३ (कॅथोड, १३५ ओहम): ७ ते ८
ईएल८४, पिन २ (ग्रिड): ०
१२एएक्स७, पिन १ आणि ६ (प्लेट, १०० किलोओहम): १३० ते १७०
१२एएक्स७, पिन ३ आणि ८ (कॅथोड, १.५ किलोओहम): १ ते १.५
१२एएक्स७, पिन २ आणि ७ (ग्रिड): ०
हीटर: ६.३ व्होल्ट एसी. ईएल८४ वर पिन ४ आणि ५ च्या मध्ये. १२एएक्स७ वर ४-५ एकत्र जोडून, त्यांच्या आणि ९ च्या मध्ये.

पिन सॉकेटच्या खालच्या बाजूने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायच्या. वरून मोजल्यामुळे उलटं झालेलं वायरिंग हे नव्या अ‍ॅम्पमधल्या चुकांचं फार मोठं कारण आहे. ही यादी कागदावर लिहा, शेजारी तुमचे आकडे लिहा आणि तो कागद अ‍ॅम्पच्या पेटीत चिकटवून ठेवा. दोन वर्षांनी काही बिघडलं तर अंदाज बांधत बसायची वेळ येणार नाही.

५. बटन दाबलं की फ्यूज उडतो. मोठा फ्यूज टाकू का?

मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार टाकली की जळतो तो ट्रान्सफॉर्मर. या अ‍ॅम्पला ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो फ्यूज हवा. साधा झटपट उडणारा फ्यूज दोष नसतानाही उडू शकतो, कारण गार हीटर आणि रिकामे कंडेन्सर सुरुवातीला जास्त करंट ओढतात. फ्यूजच्या टोपीवर टी अक्षर असेल तर तो स्लो-ब्लो.

आता सिरीज बोर्डावर या. व्हॉल्व्ह काढूनही बल्ब भक्क पेटतो? मग एचटीची (हाय टेन्शन, म्हणजे प्लेटकडे जाणारा उच्च व्होल्टेजचा पुरवठा) सेकंडरी ब्रिजपासून सोडवा. बल्ब शांत झाला तर डायोड किंवा फिल्टर कंडेन्सर शॉर्ट आहे. डायोड मीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही दिशांनी तपासा. तरीही पेटतच असेल तर हीटरची वायर सोडवून बघा. सगळं सोडवूनही पेटत असेल तर ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग आतून शॉर्ट आहे, तो बदलावाच लागेल.

व्हॉल्व्ह बसवल्यावरच, तेही १५-२० सेकंदांनी तापल्यावर फ्यूज उडत असेल, तर ईएल८४ जास्त करंट ओढतो आहे. त्याचं उत्तर प्रश्न ८ मध्ये.

६. व्हॉल्व्ह छान पेटलेत, पण आवाज शून्य.

हीटर पेटलेला दिसतो म्हणजे फक्त ६.३ व्होल्ट पोचलं, एवढंच. आधी दुसरी गिटार केबल आणि दुसरा स्पीकर लावून बघा. मग एचटी मोजा. मग मागून पुढे या: आवाज कमी ठेवून, मीटर डीसीवर ठेवून लाल प्रोब ईएल८४ च्या पिन २ ला टेकवा. स्पीकरमध्ये हलकी टक् आली तर तिथून पुढचं सगळं जिवंत आहे. मग १२एएक्स७ ची पिन ७, मग पिन २. पुढे यावं तशी टक् मोठी होत गेली पाहिजे. जिथे ती बंद होते, त्या टप्प्यातच दोष. बोटाने ग्रिड तपासायची जुनी सवय सोडा. शेजारच्याच पिनवर दीडशे-अडीचशे व्होल्ट असतात.

एक खूण मात्र लगेच ओळखायला शिका: ईएल८४ च्या स्क्रीनवर २५० व्होल्ट आणि प्लेटवर शून्य. म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटली आहे. अशा वेळी सगळा करंट स्क्रीनमधून जातो, काचेच्या आत बारीक तारांची जाळी लालभडक दिसते आणि काही मिनिटांत व्हॉल्व्ह कायमचा जातो. लगेच बंद करा.

७. घूं असा आवाज सतत येतो. किती कंडेन्सर बदलले तरी जात नाही.

कंडेन्सर बदलण्याआधी तो आवाज कोणत्या सुराचा आहे ते बघा. त्यासाठी गिटार हातात आहेच. आपल्या लाईटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. ब्रिजनंतर राहिलेली लहर १०० हर्ट्झची असते. सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीतला जी ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे १०० ची घूं त्याच्या किंचित वर बसते. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ती ५० ची. लहान स्पीकरवर ५० नीट ऐकू येत नाही, म्हणून कान शंकूजवळ न्या.

१०० हर्ट्झ असेल तर पुरवठ्याकडे बघा. मीटर एसीवर ठेवून पहिल्या ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर मोजा. २ ते ३ व्होल्ट लहर साहजिक आहे. ५-६ दिसली तर कंडेन्सर वाळला किंवा कुठला तरी व्हॉल्व्ह जादा करंट घेतोय. १ किलोओहमनंतरच्या दुसऱ्या कंडेन्सरवर ०.२ व्होल्टच्या आसपास हवी. (काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एसी रेंज लावून बघा: शून्य आलं तरच या मापावर भरवसा ठेवा.) आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि बंद पेटीच्या आत त्याहून बराच. तिथे ८५ अंशांचे कंडेन्सर लवकर वाळतात, कारण तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांचे, ४५० व्होल्टचेच घ्या आणि ईएल८४ पासून लांब बसवा.

५० हर्ट्झ असेल तर कंडेन्सरना हात लावू नका. तो हीटरकडून, अर्थिंगच्या वेढ्यातून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो. अ‍ॅम्प बंद करून १२एएक्स७ काढा, पुन्हा चालू करा. घूं गेली तर ती पहिल्या टप्प्यांतून येत होती. हीटरच्या दोन वायरी घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्याने न्या आणि दोन्ही वायरींपासून प्रत्येकी १०० ओहमचा रेझिस्टर चॅसीला जोडा. वाइंडिंगला स्वतःची मधली वायर असेल तर तीच चॅसीला द्या, रेझिस्टर नकोत. तरीही उरली तर ते दोन रेझिस्टर चॅसीऐवजी ३०-३५ व्होल्ट डीसीवर टेका: एचटीपासून २२० किलोओहम आणि तिथून चॅसीला ३३ किलोओहम असा विभाजक, वर १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कंडेन्सर. हा विभाजक ब्लीडरचंही काम करतो.

१२एएक्स७ काढूनही घूं राहिली, आणि मग ईएल८४ काढल्यावरही राहिली, तर दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी बोलताहेत. एकाला ९० अंशांत फिरवा. चॅसीला भोकं पाडण्याआधीच आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हेडफोन लावून, शेजारी पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू ठेवून, सगळ्यात शांत जागा शोधली तर हे काम दहा मिनिटांचं आहे.

आणि चॅसीची वायरिंग. ब्रिजची मायनस वायर थेट पहिल्या फिल्टर कंडेन्सरच्या मायनसला जायला हवी, वाटेत चॅसीला कुठेही न टेकता. तिथून पुढच्या कंडेन्सरला, पुढच्या टप्प्याला, आणि शेवटी इनपुट जॅकपाशी एकाच ठिकाणी चॅसीला. लाईटच्या अर्थिंगची हिरवी वायर मात्र वेगळ्या नट-बोल्टने, वायर आत आल्या आल्या चॅसीला. घूं घालवण्यासाठी ही हिरवी वायर किंवा प्लगची मोठी पिन काढणं हा उपाय नाही. तसा सल्ला कोणीही देवो, ऐकू नका.

८. ईएल८४ ची प्लेट अंधारात लाल दिसते. चालवत राहू का?

नाही, लगेच बंद करा. प्लेटची मर्यादा १२ वॅट आहे, आणि लाल दिसते म्हणजे ती बरीच ओलांडली गेली.

किती, ते मोजता येतं. समजा पिन ३ वर ८.२ व्होल्ट आणि कॅथोड रेझिस्टर १३५ ओहम. ८.२ भागिले १३५, म्हणजे ६१ मिलिअँप. त्यातले साधारण ६ स्क्रीनचे, उरले ५५. प्लेटवर २७०, त्यातून ८ वजा, २६२ व्होल्ट. २६२ गुणिले ०.०५५, म्हणजे १४.४ वॅट. प्लेटवर असे २७० व्होल्ट येत असतील तर १३५ ऐवजी १८० ते २२० ओहम, ५ वॅटचा कॅथोड रेझिस्टर हवा. बदलून पुन्हा तोच हिशोब करा.

हिशोबापेक्षा खूपच जास्त करंट असेल तर पिन २ वर मोजा. तिथे अधिक व्होल्टेज दिसत असेल, अगदी अर्धा-एक व्होल्टसुद्धा, तर १२एएक्स७ कडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय किंवा व्हॉल्व्हच खराब आहे. व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजा: व्होल्टेज तसंच राहिलं तर कंडेन्सर, गेलं तर व्हॉल्व्ह. कपलिंग कंडेन्सर ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घ्या. पिन २ पासून चॅसीचा रेझिस्टर तुटला असेल तरी हेच होतं. कॅथोड बायसमध्ये तो १ मेगाओहमपेक्षा जास्त नको, फिक्स्ड बायसमध्ये (ग्रिडला वेगळं उणे व्होल्टेज दिलेलं असतं तिथे) ३०० किलोओहमपेक्षा. कॅथोडचा बायपास कंडेन्सर शॉर्ट असेल तर पिन ३ वर शून्य दिसतं.

सगळी मापं बरोबर आणि तरीही लाल? प्रश्न १८.

९. संध्याकाळी आवाज मेलेला, रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज लई वाढतं. अ‍ॅम्पला काय होतं?

शेतीच्या फिडरजवळच्या गावांत हा रोजचा अनुभव आहे, आणि बऱ्याच "बिघाडां"चं मूळ इथेच असतं. ट्रान्सफॉर्मर प्रमाणातच चालतो: लाईट १९० वर आली की ६.३ चे ५.२ व्होल्ट होतात, २६० वर गेली की ७.१. हीटरसाठी दहा टक्क्यांची घट-वाढ ही बाहेरची सीमा समजा. म्हणून बिघाड शोधताना पहिलं माप सॉकेटवरचं घ्या, आणि प्रत्येक नोंदीशेजारी ते लिहा. संध्याकाळी घेतलेले आकडे रात्रीच्या आकड्यांशी ताडून काही कळत नाही.

लाईट कायम २४५-२५० असेल तर हीटरच्या एका वायरीत ०.४७ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर टाका. ईएल८४ आणि १२एएक्स७ मिळून १.०६ अँपिअर घेतात, म्हणजे अर्धा व्होल्ट कमी होतो. कॅथोड रेझिस्टरचा हिशोब रात्रीच्या व्होल्टेजवर करा. चढ-उतार मोठे असतील तर स्टॅबिलायझर घ्या. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर टप्पा बदलताना स्पीकरमध्ये टक् करतो, सर्व्होचा करत नाही.

ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेणार असाल तर प्रायमरीवर २३० आणि २५० असे दोन टॅप मागा. खर्च किरकोळ, उपयोग कायमचा.

१०. इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प चालवला तर आवाज मऊ पडतो आणि भणभणतो. का?

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल. कंडेन्सर लहरीच्या शिखरापर्यंत भरतात. साइन लहरीचं शिखर २३० च्या १.४१ पट असतं, चौकोनी लहरीचं जेमतेम २३० इतकंच. त्यामुळे हीटर नीट पेटतात, पण एचटी तीसेक टक्क्यांनी खाली येतं. भणभण चौकोनाच्या कडांमुळे. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर दोन्ही जातं. गणपतीत जनरेटरवर वाजवताना त्याचे फेरे कमी नाहीत ना ते बघा: फ्रिक्वेन्सी ५० च्या बरीच खाली गेली की ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होतो आणि तो तापतो.

११. दर सेकंदाला टक् टक् येतं, तेही फक्त गावाकडच्या घरी.

रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन आहे. ते साधारण सेकंदाला एक धक्का कुंपणाच्या तारेत सोडतं आणि तो हवेतून व अर्थिंगमधून गिटारच्या पिकअपपर्यंत पोचतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केल्यावर टक् गेली तर पिकअप पकडतंय. गिटारची आतली पोकळी तांब्याच्या पट्टीने मढवा. नाही गेली तर अर्थिंगमधून येतंय: घराचा आणि कुंपणाचा अर्थिंगचा खड्डा शेजारी-शेजारी असेल तर ते वेगळे करा. पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबचा चोक, स्वस्त एलईडी बल्ब यांची भणभणही अशीच ओळखा. गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर तो बाहेरचाच.

१२. करकर येते, कधी कधी चट्‌कन आवाज जातो आणि परत येतो.

अ‍ॅम्प चालू ठेवून बांबूच्या कोरड्या काडीने एकेक वायर, रेझिस्टर, सॉकेट हलकेच दाबा. जिथे करकर होते तिथे डाग पुन्हा द्या. गावाकडे तुराटी हाताशी असते, पण ती आतून किती वाळली ते वरून कळत नाही; २५० व्होल्टच्या जवळ ती नको. व्हॉल्व्हवर टिचकी मारल्यावर टण् वाजला तर तो मायक्रोफोनिक झालाय, १२एएक्स७ बदला.

काडीने काहीच हललं नाही आणि करकर चालूच असेल तर बहुधा १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर. मेटल फिल्म, १ वॅटचा लावा. व्हॉल्यूम फिरवतानाच खरखरत असेल तर फवारणीआधी त्याच्या टोकांवर डीसी मोजा. व्होल्टेज असेल तर आधीचा कंडेन्सर गळतोय, आणि क्लीनरने आठवडाभरच बरं वाटेल.

१३. आवाज वाढवला की डिझेल इंजिनासारखी फटफट सुरू होते.

याला मोटरबोटिंग म्हणतात. पुढच्या टप्प्याचा करंट पुरवठा हलवतो, ती हालचाल मागच्या टप्प्यात शिरते आणि चक्र सुरू होतं. १२एएक्स७ ला पुरवठा देणारा शेवटचा २२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वाळलेला असतो. बंद करून, रिकामं करून, त्याला समांतर एक चांगला जोडा. फटफट थांबली की जुना काढून नवा बसवा.

१४. आठ महिने ठणठणीत, पावसाळा आला की खुसखुस.

टॅगबोर्ड किंवा बेकेलाइटचं सॉकेट ओल धरतं आणि प्लेटच्या पिनवरून ग्रिडकडे थोडासा करंट झिरपतो. उन्हाळाभर साचलेली धूळ त्याला रस्ता देते. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून, अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावर, उन्हात वाळवा. दरवर्षी होत असेल तर सिरॅमिक सॉकेट बसवा.

१५. स्पीकर कुठला लावू? डीजेचा १२ इंची पडून आहे.

ओहम जुळत असेल तर चालेल. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ६.५ दाखवतो, घाबरू नका. ८ च्या टॅपवर ४ ओहमचा लावला तर व्हॉल्व्हला निम्मा भार दिसतो, ताकद घटते. त्याहून वाईट म्हणजे स्पीकरच नसणं: जोरात वाजवताना प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. चाचणीसाठी ८.२ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर ठेवा. डीजेच्या पेटीतला ट्वीटर मात्र काढा. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर उतरतो, म्हणूनच ओव्हरड्राइव्ह कानाला गोड लागतो.

१६. आजोबांच्या जुन्या रेडिओतून काय काय वापरता येईल?

आधी त्यात पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे का ते बघा. व्हॉल्व्हच्या नावांचं पहिलं अक्षर यू असेल, यूसीएल८२ किंवा यूवाय८५ असं, तर तो ट्रान्सफॉर्मर नसलेला संच आहे: हीटर एका माळेत, आणि चॅसी थेट लाईटच्या एका वायरीला. अशा चॅसीला गिटार जोडणं जीवघेणं आहे, त्याचा अ‍ॅम्प करूच नका. पहिलं अक्षर ई असेल तर हीटर ६.३ व्होल्टचे, ईएल८४, ईसीसी८३ (हाच १२एएक्स७), ईझेड८१ सगळं उपयोगाचं. ईझेड८१ रेक्टिफायर म्हणून वापरलात तर पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नको. बंगळुरूच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बनवलेले जुने व्हॉल्व्ह मिळाले तर जपून ठेवा. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, तो व्हॉल्व्ह संपला. काचेवर निळसर झाक चालते. प्लेटच्या आत जांभळा-गुलाबी ढग दिसला तर नाही.

जुने कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सगळे टाका, एकही नको. नवे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात. नांदेड-देगलूरकडच्यांना हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली जवळ.

१७. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून करून घेऊ का? परदेशातून आलेला ट्रान्सफॉर्मर चालेल का?

पॉवर ट्रान्सफॉर्मर ते उत्तम करतात, पंपांच्या मोटारींनी त्यांचा हात बसलेला असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला प्रायमरी-सेकंडरीचे थर आलटून-पालटून घ्यावे लागतात आणि सिंगल-एंडेडसाठी (आपल्यासारखा एकाच पॉवर व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प) गाभ्यात कागदाची फट लागते. हे दोन्ही कागदावर लिहून द्या, नाहीतर पट्ट्या नेहमीप्रमाणे उलट-सुलट भरल्या जातील आणि खर्ज गायब होईल. तयार झाल्यावर प्रायमरीला १२ व्होल्ट एसी द्या: ५.२ किलोओहम ते ८ ओहमसाठी गुणोत्तर २५.५, म्हणजे सेकंडरीवर ०.४७ व्होल्ट यायला हवं. उलट बाजूने, सेकंडरीला ६.३ देऊन तपासू नका; प्रायमरीवर १६० व्होल्ट उभे राहतात.

१२० व्होल्टचा परदेशी पॉवर ट्रान्सफॉर्मर थेट आपल्या लाईटवर लावला तर लगेच जळतो. स्टेप-डाउन लावूनही, त्यावर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर ५० वर गाभा जास्त तापतो. एक तास चालवून हात टेकवता येत नसेल तर बदला.

१८. सगळी मापं बरोबर, तरी आवाज पातळ आणि प्लेट लाल. किंवा चालू करताच किंचाळतो.

किंचाळी ऐकू येत असेल आणि अ‍ॅम्पमध्ये स्पीकरकडून मागे येणारी फीडबॅकची वायर असेल, तर ती वायर सोडवून बघा. किंचाळी थांबली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची दिशा उलटी आहे: प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा आणि फीडबॅक पुन्हा जोडा.

ऐकू न येणारं आंदोलन जास्त फसवं. कानाच्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर अ‍ॅम्प स्वतःच ओरडत असतो, ताकद तिथे जाते आणि गिटारला उरत नाही. खूण अशी: गिटार न वाजवता, व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर नेताना पिन ३ वरचं व्होल्टेज अचानक उडी मारतं. व्हॉल्यूम फिरवल्याने ते बदलायला काहीच कारण नसतं. उपाय तीन, याच क्रमाने. ईएल८४ च्या पिन २ वर थेट, पिनला चिकटवून, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. दोन इंच लांब लावला तर निम्मा फायदा जातो. मग पिन ७ ची वायर ग्रिडच्या आणि इनपुटच्या वायरींपासून दूर, चॅसीला लगटून न्या. मग १२एएक्स७ च्या पिन २ वर ६८ किलोओहम, तोही पिनपाशीच. हाच रेझिस्टर मीडियम वेव्हचं स्टेशन अ‍ॅम्पमध्ये घुसणंही थांबवतो: व्हॉल्व्हच्या इनपुटच्या सुमारे १०० पिकोफॅरडशी मिळून तो २३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापतो. वायरी हलवल्यावर पिन ३ पुन्हा मोजा. व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही काटा जागचा हलला नाही की झाकण लावायला हरकत नाही.